घरचा कॉम्प्युटर आणि बँकेचा डे-एंड

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली काही वाक्ये मुद्दाम तशीच ठेवली आहेत.)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला, ‘घरचा कॉम्प्युटर नीट कसा सांभाळावा’. मी म्हटलं, अहो, आपल्याच बिल्डिंगमध्ये चार इंजिनियर पोरं आहेत, त्यांना बोलवा. ते म्हणाले, “काका, ती पोरं बोलली की आम्हाला समजत नाही. तुम्ही बोला, तुम्ही आमच्यासारखे चुकत-माकत शिकलात.” आता ही स्तुती होती की काय होती, ते मला अजून कळलेलं नाही. पण चुकत-माकत शिकलो हे मात्र शंभर टक्के खरं. त्यातली सगळ्यात मोठी चूक आज तुम्हाला सांगणार आहे. बाकी सगळ्या सूचना त्या एका चुकीतून निघालेल्या आहेत.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायची. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांमध्ये यंत्रं यायला सुरुवात झाली. आधी लेजर पोस्टिंग मशीन, मग अख्खी शाखाच कॉम्प्युटरवर. नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या शाखेत होतो. तिथं रोज संध्याकाळी डे-एंड करायचा. म्हणजे काय, तर दिवसभराचे व्यवहार टॅली करायचे, रिपोर्ट काढायचे आणि सगळ्यात शेवटी बॅकअप घ्यायचा. बॅकअप घेतल्याशिवाय ऑफिसरने घरी जायचं नाही. ती टेप फायरप्रूफ कपाटात ठेवायची आणि एक प्रत शाखेच्या बाहेर दुसऱ्या ठिकाणी. जळगावची शेवटची गाडी चुकली तरी चालेल, पण बॅकअप चुकता कामा नये. अशी माझी कितीतरी वर्षं गेली.

आणि हाच माणूस घरी काय करत होता? काहीही नाही.

आपण या सोसायटीत राहायला आल्यावर काही वर्षांनी मी घरी कॉम्प्युटर घेतला. मोठ्या हौसेने सगळं त्यात भरलं. मुलाच्या लग्नाचे फोटो, माझे हिशेब, आणि आमच्या सासूबाईंनी म्हटलेली कानबाईची गाणी. आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते, रात्रभर बायका अहिराणीत गाणी म्हणतात, ते मी या सभेला काय सांगायचं! सासूबाईंना अशी कितीतरी गाणी पाठ होती. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण अडखळणं म्हणून माहीत नाही. मी त्यांची गाणी टेपरेकॉर्डरवर घेतली होती, तीन कॅसेटी भरून. मग त्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवल्या. उतरवल्यावर म्हटलं, आता या कॅसेटी कशाला धूळ खात ठेवायच्या? रद्दीवाल्याला देऊन टाकल्या.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा मे महिना. जळगावचा मे म्हणजे पारा ४४-४५ अंशांवर. दुपारी वीज आली-गेली, आली-गेली असं चार-पाच वेळा झालं आणि त्यानंतर कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून टक-टक आवाज यायला लागला. मी काय करावं? बंद करून पुन्हा चालू, बंद करून पुन्हा चालू, असं दोन दिवस चालवलं. नंतर दुरुस्तीवाल्याकडे नेला, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, हार्ड डिस्क गेली. पहिल्या टक-टकीला बंद करून आणला असता तर कदाचित काही निघालं असतं.”

लग्नाचे बरेचसे फोटो परत मिळाले, कारण मुलीने हट्टाने त्यांची एक सीडी करून नेली होती. हिशेब मी पुन्हा लिहिले. पण गाणी गेली. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या. घरी येऊन मी सौ.ला सांगितलं. ती मला काही बोलली नाही. भाकरी थापत होती, ती थापत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. बहिणाबाई त्याआधी, डिसेंबर १९५१ मध्येच गेल्या होत्या. ते कागद नसते तर? आज त्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे. आमच्या सासूबाई काही बहिणाबाई नव्हत्या, पण आमच्या घरापुरतं ते धन तसंच होतं, आणि ते जपायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

म्हणून माझी पहिली आणि शेवटची सूचना एकच. मशीन बाजारात पुन्हा मिळतं, आत ठेवलेलं मिळत नाही. हे डोक्यात ठेवून बाकीचं ऐका.

आधी जागेचं बोलू. खान्देशात कॉम्प्युटरचे मोठे शत्रू म्हणजे ऊन, धूळ आणि विजेचा लपंडाव. चौथा शत्रू आपण स्वतः घरात आणतो, तो म्हणजे कूलर. कूलरची ओली हवा थेट सीपीयूवर सोडू नका. आपल्याला गार वाटतं, पण आतल्या भागांवर दमट हवा आणि धूळ मिळून चिखलासारखा थर बसतो. सीपीयू भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून गरम हवा बाहेर पडायला वीतभर जागा सोडा. चालू मशीनवर भरतकामाचं कव्हर घालू नका. हसू नका, आमच्याकडे होतं! लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नका, खालची हवेची भोकं बंद होतात. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीत, धूळ काढून घ्या. त्या वेळी प्लग काढलेला असावा, आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि खराब होतो.

विजेचं म्हणाल तर यूपीएस घ्याच. पण यूपीएस म्हणजे वीज गेल्यावर तासभर काम करायची सोय नव्हे. घरगुती यूपीएस साधारण दहा-पंधरा मिनिटं देतो. ती मिनिटं काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहेत. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस बसतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी थकते. ती अधूनमधून तपासा, नाहीतर ऐन वेळी नुसता टीं-टीं आवाज येतो आणि अंधार. सीपीयूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग बिघडलंय असं समजा. कॉम्प्युटरवाल्याला नव्हे, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता वेग. “काका, कॉम्प्युटर फार स्लो झालाय, नवीन घ्यावा का?” हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, मंदिरात, एवढंच काय अंत्ययात्रेतसुद्धा विचारलेला आहे. नवीन घेण्याआधी चार गोष्टी करून पाहा.

एक, रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये नुसतं शटडाउन केलं तर बहुधा मशीन पुरतं ताजं होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून ते काही भाग जपून ठेवतं. रीस्टार्ट केलं की खरी झाडलोट होते. आठवड्यातून एकदा तरी करावं.

दोन, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपची यादी असते. मशीन सुरू होताना कोण कोण न बोलावता पंगतीला येऊन बसतं, ते तिथं दिसतं. ज्यांची रोज गरज नाही त्यांना डिसेबल करा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपण बोलावू तेव्हाच येतो. ज्याचं नाव ओळखत नाही त्याला मात्र हात लावू नका, आधी विचारा.

तीन, जागा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज असं गेलात की कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. टेम्पररी फाइल्स तिथूनच काढता येतात. पण यादीत ‘डाउनलोड्स’ असं नाव असेल तर त्यावर खूण करण्याआधी तो फोल्डर उघडून पाहा, आपली कामाची कागदपत्रं बहुतेक तिथंच पडलेली असतात. ‘मशीन वेगवान करून देतो’ म्हणणारे फुकटचे क्लीनर घेऊ नका. दोन-दोन अँटिव्हायरसही नकोत. एका घराला दोन वॉचमन ठेवले तर ते एकमेकांवरच शिट्ट्या मारत बसतात. विंडोजमधलं स्वतःचं संरक्षण अद्ययावत ठेवलं तर घरगुती वापराला पुष्कळ आहे.

चार, मशीन जुनं असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती बदलून एसएसडी टाका. त्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती पुष्कळ जलद चालते. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने हा खर्च फारच कमी. आमच्या शेजारच्या भाऊंनी असंच केलं. ते म्हातारं मशीन आता त्यांच्या नातवाच्या अभ्यासाला चालतं.

मात्र एक लक्षात ठेवा. विंडोज १० ला मिळणारं नेहमीचं मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. मशीन विंडोज ११ घेत असेल तर ते करून घ्या. घेत नसेल तर त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

आता फायली. बँकेत व्हाउचर जागच्या जागी नसेल तर रात्रीचे नऊ वाजायचे. घरी आपण सगळं डेस्कटॉपवर टाकतो, जसे आल्या-आल्या कपडे खाटेवर टाकतो तसे. ‘न्यू डॉक्युमेंट १’, ‘न्यू डॉक्युमेंट २ फायनल’, ‘फायनल फायनल’. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग तारीख आणि मग विषय लिहा. उदाहरणार्थ, ‘२०२५-०४-१० घरपट्टी पावती’. असं केलं की फायली आपोआप तारखेवार लागतात. तारखेचे आकडे मात्र सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, कुठं मराठी कुठं इंग्रजी नको. घरातल्या प्रत्येकाचा एक फोल्डर, आणि ‘घर’ नावाचा एक सामाईक. त्यात घरपट्टी, वीजबिल, विमा, दवाखाना. महिन्याच्या पहिल्या रविवारी डाउनलोड्स रिकामं करा. गुड मॉर्निंगचे फोटो निःसंकोच पुसा, उद्या सकाळी नवे येणारच आहेत.

थोडी बटणं पाठ करा, हात वाचतो. कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह, दर दहा मिनिटांनी. कंट्रोल-झेड म्हणजे झालेली चूक मागे. आयुष्यात हे बटण नाही, कॉम्प्युटरवर आहे, वापरा. कंट्रोल-एफ म्हणजे पानावर शोध. विंडोज आणि ई म्हणजे फायलींची खिडकी. विंडोज आणि एल म्हणजे मशीनला कुलूप. आणि आमच्या वयाच्या लोकांसाठी, कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबलं की ब्राउझरमधली अक्षरं मोठी होतात. चष्म्याचा नंबर वाढवण्याआधी हे करून पाहा.

मराठीचा एक प्रश्न या स्मरणिकेच्या कामातच पुढे आला. आपल्या सोसायटीच्या पहिल्या काही वर्षांच्या नोटिसा आणि इतिवृत्तं त्या वेळच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली होती. तो फाँट आताच्या मशीनवर नाही, त्यामुळे फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सेक्रेटरी साहेबांना वाटलं व्हायरस आला. व्हायरस नाही. त्या काळी प्रत्येक फाँटचा हिशेब वेगळा होता. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच, म्हणून युनिकोडमधलं मराठी कुठल्याही मशीनवर आणि फोनवर दिसतं, शोधलं तर सापडतं. आता विंडोजमध्येच मराठी कीबोर्ड मिळतो. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी जोडा, आणि विंडोज व स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदला. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही आहे. घरात जुन्या फाँटमधली पत्रं किंवा वंशावळ असेल तर ती आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या. जाणकार आणि जुने फाँट दोन्ही उपलब्ध आहेत तोवरच हे सोपं आहे.

सुरक्षेबद्दल बँकवाला म्हणून दोनच वाक्यं बोलतो, नाहीतर रात्र होईल. बँकेचा लॉकर दोन चाव्यांनी उघडतो, एक बँकेची, एक तुमची. ईमेललाही तशीच दुसरी चावी लावता येते, तिला टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात, ती लावा. आणि फोनवरून कुणी सांगितलं की अमुक ॲप घ्या, मी तुमचा स्क्रीन पाहून दुरुस्त करून देतो, तर फोन ठेवा. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी ठेवा, पोलीस म्हणाला तरी ठेवा. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा. तिथं पहिल्या तासाला फार किंमत असते.

आता मूळ मुद्दा, बॅकअप. नियम सोपा आहे, तीन-दोन-एक. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. पहिली प्रत कॉम्प्युटरमध्ये आहेच. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती काम झालं की काढून कपाटात ठेवा, मशीनला कायमची लावून ठेवू नका. वीज कडाडली किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातील. तिसरी प्रत पुण्याच्या मुलाकडे, नाशिकच्या मुलीकडे, किंवा ऑनलाइन. गूगलवर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, हे विसरू नका.

इथं मी जिथं फसलो ती जागा दाखवतो. एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवणं म्हणजे बॅकअप नव्हे. कॅसेट होती तेव्हा प्रत एक होती. कॉम्प्युटरवर घेतल्यावर दोन झाल्या. कॅसेट रद्दीत गेली, पुन्हा एकच राहिली. पेनड्राइव्हवर टाकून फोनमधून पुसलेले फोटो म्हणजे हेच. दुसरं, घेतलेला बॅकअप उघडून पाहा. टेप कपाटात आहे एवढ्यावर आमचा इन्स्पेक्टर खूश व्हायचा नाही, तो म्हणायचा, “चालवून दाखवा.”

तारीख लक्षात राहत नाही ना? ३१ मार्च. आम्हा बँकवाल्यांच्या वार्षिक क्लोजिंगचा दिवस. आणि गंमत बघा, जगभर ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणूनही हाच दिवस पाळतात. त्या दिवशी वर्षाचा पूर्ण बॅकअप, महिन्याला छोटा, आणि रोज झोपण्याआधी दोन मिनिटांचा डे-एंड. म्हणजे उघडी कामं सेव्ह, डेस्कटॉपवरचं जागच्या जागी, मशीन नीट बंद आणि यूपीएसचं बटण बंद.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण आमच्या वयात बोलायलाच हवा. खात्याला नॉमिनी लावा म्हणून मी आयुष्यभर लोकांच्या मागे लागलो. ईमेलला आपण लावत नाही. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते त्यातल्या मजकुरासह पुसण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवलेला आहे. त्यांच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, तिथं आपल्या विश्वासातल्या माणसाचं नाव देता येतं. देऊन ठेवा. आणि कुठली हार्ड डिस्क कुठल्या कपाटात आहे हे घरात निदान एकाला तरी माहीत असू द्या.

आपल्या सोसायटीचा आय नमुन्याचा सभासद रजिस्टर, जे यादी, इतिवृत्तं, पंचवीस वर्षांचे हिशेब आणि फोटो, हे सगळं आज ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरमध्ये आहे. काही कागदावर आहे, काही नाही. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की रौप्यमहोत्सवाचा ठराव म्हणून दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक ऑफिसात, एक खजिनदारांकडे. मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात बसेन. घरातले जुने फोटो, कॅसेटी, जुन्या फाँटमधली पत्रं घेऊन या. जे जमेल ते आपण करू, जे जमणार नाही तिथं ती चार इंजिनियर पोरं आहेतच. फीमध्ये फक्त चहा, तोही बिनसाखरेचा.

जाता जाता एक सांगतो. गेल्या श्रावणात कानबाईच्या रात्री सौ.ला तिच्या आईची जी गाणी आठवत होती, ती तिने म्हटली. कुठं मधली ओळ गेली होती, कुठं चाल सापडत नव्हती, मग धुळ्याच्या मावशींना फोन लावून विचारलं. चार गाणी पुरी झाली, पाचवं अर्धं आहे. ती मी रेकॉर्ड केली. एक प्रत घरच्या मशीनवर आहे, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक मुलीकडे. दर महिन्याला तिन्ही प्रती उघडून ऐकतो. सौ. म्हणते, तपासायला एकदा ऐकलं की पुरतं, तुम्ही सारखं काय ऐकता?

 पाचव्या गाण्याची उरलेली ओळ कुणाच्या आजीला येत असेल तर रविवारी ऑफिसात जरूर सांगा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.